भिंतीवरून दिलेली तार

३ नोव्हेंबर १९५६, पाडवा

दुकानातल्या वह्यांची पूजा झाली. एक कोरी वही जास्तीची आली होती, ती घरी आणली. रोजनिशी लिहायची म्हणतो. म्हणजे मी नाही म्हणत, पद्मावती म्हणते. विजेच्या बिलाचं गाऱ्हाणं मी सकाळपासून तिसऱ्यांदा काढलं तेव्हा ती करंज्या तळता तळता म्हणाली, "मला ऐकवू नका आता, कुठंतरी लिहून ठेवा." बायकोनं हात टेकले, म्हणून हे लिहिणं.

गाऱ्हाणं असं. दर महिन्याला पाच-सहा रुपये येणारं बिल या खेपेला बावीस रुपये आलं. घरात चार बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. रेडिओही बातम्यांपुरता. बावीस रुपयांची वीज आम्ही भाजून खाल्ली की काय? आणि कागद सगळा इंग्रजीत. पूर्वी उर्दूत यायचा, मी घडाघडा वाचायचो. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालं. आता बिल हातात धरून उभा राहतो आणि आकडा तेवढा कळतो.

परवा एक तारखेला राज्य बदललं. आम्ही झोपलो हैदराबाद राज्यात आणि उठलो आंध्र प्रदेशात. भाऊ जिंतूरला शेती करतो, तो मुंबई राज्यात गेला. मुलगी बीदरला दिली, ती म्हैसूर राज्यात. कुणी घरचा उंबरा ओलांडलेला नाही आणि तिघं तीन मुलखांत. हैदराबाद शहरात, नारायणगुड्याच्या याच घरात बसून मी परमुलखातला झालो. आमचं दुकान आहे त्या बेगम बाजारात सगळे हसून बोलतात यावर. मीही हसलो. बिल आल्यावर हसू आलं नाही.

७ नोव्हेंबर

विजेच्या ऑफिसात गेलो. तिथं आपले मुकुंदराव हेडक्लार्क, नांदेडचे, इतकी वर्षं माझी सगळी कामं चहाच्या एका कपात करणारे. ते टेबल आवरत बसले होते. त्यांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत आलंय, महिनाअखेर औरंगाबादला हजर व्हायचंय. म्हणाले, हिम्मतराव, माझ्या हातात आता सुतळीसुद्धा राहिली नाही, नव्या साहेबांना भेटा.

नवे साहेब कर्नूलहून आलेत. माणूस सभ्य आहे. मी उर्दूतला अर्ज पुढं केला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. मग ते इंग्रजीत बोलले, मी दखनीत बोललो. ते तेलुगूत बोलले. तेलुगू मला बाजारापुरती येते. मिरचीचा भाव सांगता येतो, गुळाच्या ढेपेवरून भांडता येतं, पण मीटर जोरात फिरतंय हे कसं सांगायचं ते काही केल्या सुचेना. शेवटी मी बोट हवेत गरागरा फिरवून दाखवलं. शेजारचा कारकून हसला. साहेब म्हणाले, "रेपु." म्हणजे उद्या. एवढं मला कळतं.

९ नोव्हेंबर

रेपु.

१३ नोव्हेंबर

आजही रेपु. इंग्रजीत अर्ज लिहून देणारा एक जण ऑफिसच्या फाटकाशी बसतो, त्याच्याकडून लिहून घेतला. त्यानं काय लिहिलं देव जाणे. सही मात्र मी मोडीसारखी झोकात केली.

घरी आल्यावर पद्मावती म्हणाली, एकदा स्टुलावर चढून ते मीटर तरी बघा. दाराच्या वर लाकडी पेटीत आहे, पुढं धुळीनं आंधळी झालेली काच. मी म्हणालो, ते कळणाऱ्याचं काम आहे, आपण उगाच हात घालू नये. पूर्वी युसूफ मियाँ येऊन बघायचे आणि म्हणायचे, "पाटील साब, मीटर तो गरीब है. जितना जलाओ उतना फिरता." त्यांचीही कुठंतरी बदली झाली. नव्या पोराला नावही विचारायला फुरसत नसते. पेटीत डोकावतो, कागदावर टिपतो, सायकलवर टांग टाकतो.

१८ नोव्हेंबर

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि ती काही जात नाही.

आमच्या मीटरवरून एक तार भिंतीपलीकडं सूर्यभानच्या घरी जाते. सूर्यभान पोस्टात टपाल निवडायच्या कामावर आहे, मूळचा आमच्याच परभणीकडचा, गावाबाहेरच्या त्यांच्या वाड्याचा. इथं आमच्या परसाला लागून दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. बायको पार्वतीबाई, एकच मुलगी सखू, यंदा मॅट्रिकला. घरमालक वीज घेऊन देईना. सखू तेव्हा एवढीशी होती, आमच्या ओट्याखाली उभी राहून आमच्या दिव्याच्या उजेडात पाटीवर गणितं सोडवायची. पद्मावतीनं ते पाहिलं आणि माझ्या मागं लागली. मग मी तार, होल्डर, बल्ब सगळं स्वतः आणून दिलं. सहा वर्षं झाली त्याला. गल्लीत एवढं कोण करतो? आमच्या भावकीला कळलं तेव्हा त्यांनी भुवया चढवल्या. मी म्हणालो, वीज तारेतून जाते बाबांनो, तिला कसला विटाळ? मी नव्या विचारांचा माणूस आहे.

बल्बाचे पैसे सूर्यभान नेमानं देतो. पहिल्या तारखेला सखू येते, ओट्याच्या कडेला पैसे ठेवते, दोन पायऱ्या उतरून उभी राहते. मग मी उचलतो. तिला असं कुणी सांगितलेलं नाही, आपलं आपणच करते. मोठी समजूतदार पोर. पाण्याचाही कधी प्रश्न आला नाही. आमच्या परसातच नळ आहे, पण ते लांबच्या सरकारी नळावरून आणतात. त्यांनी मागितलंच नाही कधी.

तर डोक्यात आलं ते असं. गेल्या दसऱ्याला सूर्यभान रजा काढून नागपूरला जाऊन आला. पांढरे कपडे घालून आला. बुद्धाची दीक्षा घेतली म्हणे, घरातले देव उतरवले. पार्वतीबाई दर दिवाळीला दाराशी येऊन पद्मावतीनं ओट्यावर ठेवलेली कुंकवाची पुडी उचलून न्यायची, यंदा आली नाही. आणि तेव्हापासून त्यांच्याकडं रोज संध्याकाळी माणसं जमतात. काहीतरी म्हणत असतात, एकसुरात. दिवा उशिरापर्यंत जळतो. बिल वाढलं तेही तेव्हापासूनच. एक बल्ब तरी आहे का तिकडं, की चार लावलेत?

पद्मावतीला बोललो. ती म्हणाली, एका बल्बानं बावीस रुपये होतात का? मी म्हणालो, एक कशावरून?

१ डिसेंबर

या महिन्याचं बिल चोवीस रुपये.

सखू पैसे ठेवून गेली. मी विचारणार होतो, किती बल्ब लावता गं? विचारलं नाही. तिनं जाताना सांगितलं की परीक्षेचा फॉर्म भरला. मी बरं म्हणालो.

३ डिसेंबर

आज साहेबांनी नीट ऐकून घेतलं. दुभाषा म्हणून चहावाल्याला उभं केलं होतं, त्याला दखनी आणि तेलुगू दोन्ही येतात. मी म्हणालो, एवढी वीज आमच्या घरात जळूच शकत नाही. साहेब म्हणाले, मग कुठं जळते? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, भिंतीपलीकडं एक तार दिलीय.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. एका मीटरवरून दुसऱ्या घरी वीज देणं कायद्यात बसत नाही, हे मला आजच कळलं. म्हणाले, आधी ती तार तोडा. आमचा माणूस येऊन सील लावेल. महिनाभर सीलला हात लावायचा नाही. मग जे रीडिंग येईल त्यावरून बघू मीटर खोटं की तुम्ही. सील तुटलं तर तक्रार निकालात, वर दंड.

हुकूम ऑफिसचा होता हे खरं. मला तो आवडला हेही खरं. सूर्यभानला मी होऊन काही विचारायची गरज उरली नाही. इथं कोण वाचणार आहे, म्हणून लिहून ठेवतो.

४ डिसेंबर

वायरमन आला. तार आमच्या बाजूनं कापली, पेटीला शिशाचं सील ठोकलं.

मी सूर्यभानला सांगायला परसात गेलो. रामराम म्हणालो, तो जयभीम म्हणाला. मी म्हणालो, ऑफिसचा हुकूम आहे, महिन्याभराचाच प्रश्न आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, पाटील, आमच्याकडं एकच बल्ब हाय, येऊन बघा पायजे तर. मी म्हणालो, छे छे, तसं काही नाही. भिंतीवरून आत पाहिलं असतं तर दिसलं असतं. पाहिलं नाही. मनातून मला वाटत होतं की पाहिलं आणि एकच निघाला तर?

सखूची परीक्षा मार्चात. पद्मावती म्हणाली, पोरगी अभ्यास कसा करणार? मी म्हणालो, आम्ही कंदिलावर नाही का शिकलो. ती म्हणाली, तुम्ही कुठं शिकलात, तुम्ही दुकानावर बसलात.

७ डिसेंबर

सकाळी वर्तमानपत्रात आलं की काल दिल्लीला आंबेडकर गेले. दुकानात दोघं-तिघं त्यावरच बोलत होते. घटना लिहिणारा माणूस गेला, मलाही वाईट वाटलं. दुकान लवकर बंद करून घरी आलो तर भिंतीपलीकडं रडणं ऐकू येत होतं. एकट्या बाईचं नाही. बायका, गडी, पोरं, सगळ्यांचं.

दिवेलागणीच्या सुमाराला सूर्यभान आमच्या ओट्याखाली आला. डोळे सुजलेले. टोपी हातात. मी खुर्चीत बसलो होतो. तो म्हणाला, "पाटील, माणसं लई येणार हायेत आज. बाबासाहेबांचा फोटो ठिवलाय. आजच्या रातीपुरता दिवा द्या."

मी म्हणालो, "सूर्यभान, सील लागलंय रे."

तो म्हणाला, "हां, सील." हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "बरं." आणि गेला.

मी खरं बोललो. सील लागलेलं होतंच. तोडलं असतं तर तक्रार बुडाली असती, दंड झाला असता, बावीस आणि चोवीस कायमचे डोक्यावर बसले असते. यात माझं काय चुकलं?

पद्मावती आतून आली. म्हणाली, माळ्यावर पेट्रोमॅक्स आहे, दिवाळीला दुकानासाठी आणलेली, ती तरी द्या नेऊन. मी म्हणालो, एवढी माणसं, कुणाचा धक्का लागला, मँटल फुटलं तर? असं मी म्हणालो. हेच शब्द. ती आत गेली.

माणसं येतच होती. चादरघाट, मुशीराबाद, कुठून कुठून. गल्ली भरली. हातात कंदील, कुणाकडं मेणबत्ती, बरेच जण नुसतेच. आत अंधारात ती माणसं बसली होती. त्यांचं ते म्हणणं सुरू झालं, पण मध्येच कुणाचा तरी आवाज फुटायचा आणि सगळेच थांबायचे.

आमच्या घरात पद्मावतीनं दिवा लावला नाही. अंधारातच ताट वाढलं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, मीटर तपासायचंय ना, तेवढंच कमी फिरेल.

८ डिसेंबर

मी भेटायला जायला हवं होतं. मयताच्या घरी जातात तसं. पण गेलो असतो तर त्याला वाटलं असतं दिव्याची सारवासारव करायला आलो. म्हणून नाही गेलो. दिव्याची गोष्ट नसती तर गेलो असतो का, असं पद्मावतीनं विचारलं. असतो की, म्हणालो.

सहा वर्षांत त्या घरात मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही, हे तिनं विचारल्यावर लक्षात आलं. तसं कामच पडलं नव्हतं.

१२ डिसेंबर

पेट्रोमॅक्स माळ्यावरून काढली, पुसली, पंप मारून पेटवून पाहिली. झकास लागली. आता कुणाला द्यायची. परत वर ठेवली.

२० डिसेंबर

सखू संध्याकाळी हिमायतनगरला जाते. सावित्रीबाई म्हणून तिच्या शाळेतल्या मास्तरीण आहेत, त्यांच्याकडं अभ्यासाला बसते. सूर्यभान ड्यूटीवरून सुटला की तिला आणायला जातो. दोघं अंधारात गल्लीतून येतात, पुढं तो, मागं ती पुस्तकं छातीशी धरून. मी ओट्यावर असतो. आमच्या दिव्याखालून जाताना ती मान खाली घालते. पूर्वी हसायची.

पार्वतीबाई आणि पद्मावती भिंतीशी उभ्या राहून तास तास बोलायच्या, चटण्या, पोरीचं स्थळ, माहेर. या गल्लीत पद्मावतीला मराठीत बोलायला तेवढंच एक माणूस. तेही बंद झालंय. पद्मावतीनं हाक मारली तर पार्वतीबाई ओ देते, बरं आहे म्हणते आणि आत जाते. भांडण असतं तर बरं, मिटवता तरी येतं, असं पद्मावती म्हणाली. आज ती एकटीच भिंतीशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती.

४ जानेवारी १९५७

आज वायरमन रीडिंगला आला. महिनाभर सील जसंच्या तसं होतं, त्यालाही दाखवलं. त्यानं स्टुलावर चढून काच पुसली. पुसता पुसता थांबला. म्हणाला, बिल दाखवा. बिल दाखवलं. त्यानं पेटीतल्या पितळी पट्टीवर बोट ठेवलं, मग बिलावर ठेवलं.

मीटरचा नंबर वेगळा, बिलावरचा नंबर वेगळा.

हे बिल माझं नव्हतंच. साध्या भाषेत सांगायचं तर ऑफिसात जुनी उर्दू रजिस्टरं उतरवून इंग्रजीत नवी केली, त्यात दोन गिऱ्हाइकांची अदलाबदल झाली. माझ्या नावावर दुसऱ्याच कुणाची तरी वीज लागत होती, ऑक्टोबरपासून. मी स्टुलावर चढून स्वतः पाहिलं. आकडे एवढे मोठे की चष्म्याशिवाय वाचता आले. काचेवर धूळ होती, बाकी काही नाही.

नोव्हेंबरातच पद्मावतीनं सांगितलं होतं, स्टुलावर चढून बघा. दाराच्या वरचं मी पाहिलं नाही आणि भिंतीपलीकडचं पाहत बसलो. ती आज एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटते, दुसरा शब्द नाही त्याला.

९ जानेवारी

ऑफिसात सगळा उलगडा झाला. माझी वीज जात होती चार गल्ल्यांपलीकडच्या बालय्या चक्कीवाल्याच्या नावावर आणि त्याची माझ्या. दिवसभर पिठाची गिरणी चालवून तो माझे पाच-सहा रुपये भरत होता. त्यालाही बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, एवढं कमी बिल आलं तर सांगितलं का नाहीस? तो हात जोडून म्हणाला, मला वाटलं नवं राज्य आलं, वीज स्वस्त झाली. साहेबसुद्धा हसले. दोन महिन्यांपूर्वी मी या गोष्टीवर आठवडाभर हसलो असतो, दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवली असती.

साहेबांनी माझी माफी मागितली. चहा पाजला. जास्तीचे पैसे पुढच्या बिलांत वळते करणार. मी विचारलं, आणि सूर्यभानकडची तार? साहेब खिडकीकडं बघत म्हणाले, सील तर आता निघालंच, पुढचं आम्ही काही पाहिलेलं नाही. म्हणजे समजून घ्या.

जिंकलो मी. मुकुंदरावांना औरंगाबादला पत्र टाकावं असं एकदा वाटलं. काय लिहिणार?

१४ जानेवारी, संक्रांत

आज हिय्या करून गेलो.

पद्मावतीनं आमच्याच दुकानातल्या गुळाचे लाडू केले होते. डबा घेतला, नवी तार घेतली आणि परसातून न जाता गल्लीतून फिरून त्यांच्या पुढच्या दारी गेलो. दार उघडं होतं. समोर भिंतीवर तो फोटो, हार घातलेला, शेजारी बुद्धाची तसबीर. छताला मधोमध आमचं होल्डर. त्यात एक बल्ब. एकच.

सूर्यभान उठून पुढं आला. म्हणाला, "या हिम्मतराव."

सहा वर्षं पाटील म्हणायचा. आज हिम्मतराव. आदरानंच म्हणाला, आवाजात कुठं खोट नव्हती. पण मला ते आत कुठंतरी लागलं आणि लागलं याचंही वाईट वाटलं.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. मीटरचा नंबर, चक्कीवाला, सगळं. म्हणालो, माझी चूक झाली सूर्यभान, आज संध्याकाळपासून दिवा लावून टाकू, पैसे द्यायचे नाहीत. त्यानं लाडवाचा डबा घेतला. म्हणाला, गूळ तुमच्या दुकानचा हाय, त्याला नाही म्हणणार नाही. तार तेवढी राहू द्या. मी म्हणालो, अरे, पोरीची परीक्षा आहे. तो म्हणाला, "तिच्या अभ्यासाचं बसलंय आता तिकडं. आणि मी बदली मागितलीय औरंगाबादला. परीक्षा झाली की जाऊ. तिकडं कॉलेजात घालायचंय तिला."

मग म्हणाला, "आत या. च्या घेऊन जा."

आत पार्वतीबाईनं चुलीवर आधण ठेवलंही होतं. कपबशी पुसायचा आवाज आला. सखूनं चटकन सतरंजी अंथरली, तिचे कोपरे हातानं सारखे केले आणि बाजूला उभी राहिली. तिघंही माझ्याकडं बघत होते. एक पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "नको नको, दुकानाला उशीर होतोय."

तोंडातून निघून गेलं. विचार केला नव्हता. विचार करून म्हणालो असतो तर त्याला काही अर्थ तरी असता. सूर्यभान म्हणाला, "बरं." त्या दिवशी म्हणाला होता तसंच.

गल्लीच्या टोकाशी आल्यावर लक्षात आलं, आज संक्रांत. बेगम बाजार आज बंद असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. परत जायला हवं होतं, तिथल्या तिथं वळून. मी गल्लीच्या टोकाशी पानाच्या दुकानात उभा राहिलो, नको असलेलं पान खाल्लं आणि घरी आलो.

पद्मावतीनं विचारलं, चहा घेतलात का तिथं? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, वाटलंच मला. मग थोड्या वेळानं म्हणाली, मी तरी कुठं कधी गेलेय, सगळं भिंतीवरूनच. आणि डोळ्याला पदर लावला.

२ फेब्रुवारी

बिल पाच रुपये, जास्तीच्या पैशांत वळतं केलेलं. बरोबर आहे. मी स्टुलावर चढून ताडून पाहिलं.

३१ मार्च

सखूचे पेपर संपले. बरे गेले म्हणे, गणिताचा जरा कठीण होता. हे मला पद्मावतीनं सांगितलं, तिला सावित्रीबाईंनी सांगितलं. भिंतीपलीकडची बातमी हिमायतनगरहून फिरून यायला लागली.

दोनदा मनात आलं की जावं आणि म्हणावं, सूर्यभान, चहा टाक. पहिल्यांदा गेलो तर त्यांच्याकडं माणसं बसली होती. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी परत आलो. काय झालं ते मला सांगता येत नाही. पाय तिथपर्यंत जातात.

१८ एप्रिल

सूर्यभान आज गेला. बदलीचा हुकूम आला होता. सकाळी टांगा आला, त्यात दोन ट्रंका, एक गाठोडं, फोटो पार्वतीबाईनं मांडीवर घेतलेला. पद्मावती गल्लीत उतरली, टांग्यापाशी गेली आणि पार्वतीबाईच्या गळ्यात पडली. भर गल्लीत. दोघी रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकींना शिवल्या असतील, असं मला वाटलं. मी ओट्यावर उभा होतो.

सूर्यभान पायऱ्यांपाशी आला. म्हणाला, येतो हिम्मतराव, काही कमी-जास्त झालं असलं तर पोटात घाला. मी म्हणालो, अरे, ते मी म्हणायचं. तो हसला. मी म्हणालो, औरंगाबादला आलो की येईन. चहाला येईन. तो म्हणाला, या की.

मग सखू मागून धावत आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला बल्ब, होल्डर आणि भिंतीवर राहिलेल्या तारेचं वेटोळं, नीट सुतळीनं बांधलेलं. म्हणाली, "बाबांनी द्यायला सांगितलंय. बल्ब चालू आहे, बघून घ्या."

मी एक पायरी उतरलो आणि दोन्ही हात पुढं केले.

तिनं ते सगळं ओट्याच्या कडेला ठेवलं, नेहमीच्या जागी, दोन पायऱ्या उतरली आणि उभी राहिली. मी उचलण्याची वाट बघत. तिच्या मनात काही नव्हतं, मी तिचा चेहरा पाहिला. राग नाही, काही नाही. आपलं आपणच केलं तिनं, लहानपणापासून करते तसं. माझे हात तसेच पुढं राहिले होते, ते तिला दिसलेच नाहीत.

सूर्यभाननं टांग्यातून हाक मारली. ती गेली.

संध्याकाळी पद्मावतीनं तो बल्ब आमच्या ओट्यावर लावला. चालू निघाला. ओट्याची कड, खालच्या दोन पायऱ्या, सगळं लख्ख दिसत होतं. मी तिला म्हणालो, आज हा दिवा नको लावूस. ती म्हणाली, राहू द्या. मग आम्ही दोघं तिथंच बसलो.